सोपानच्या रक्ताची चौकशी

हसणार नसाल तरच सांगतो. छे, तुम्ही हसणारच! निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जामखेडात मी नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. एकटा जीव, आईबापाचं एकुलतं एक लेकरू. एके दिवशी सोपान आला, बैलांचा तरणा व्यापारी. दाढ काढायची होती. हिरडीत इंजेक्शन दिलं आणि सुईवर परत टोपण घालायला गेलो. घालू नये, असं कॉलेजात घोकलं होतं. तरी घातलं! सुई खचकन माझ्याच बोटात.

साबणाने बोट धुता धुता आरशातून सोपानकडे बघितलं. डोळे पिवळट नाहीत का? दंडावर गोंदलेलंही आहे! आज घोडेगावचा बाजार, उद्या आणखी कुठला. याला कावीळ असली तर? एड्स असला तर? तेव्हा त्या नावानेच माणसाची गाळण उडायची.

नगरच्या डॉक्टर मित्राने काविळीची लस टोचली आणि म्हणाला, "त्या पेशंटचं रक्त तपासून घे."

आता सोपानला सरळ सांगायचं, नाही का? पण माझी जीभच रेटेना. म्हटलं, आधी गुपचूप माहिती काढू.

समोरच्या चहावाल्याला गाठलं. "काय हो, सोपान कसा माणूस आहे?"

तो गालात हसला. "का वो डाक्टर?"

"सहज. बाहेरचा काही नाद?"

"न्हाई वो! लई गुनाचं पोरगं."

"कावीळ, एड्स, असलं रक्तातलं काही?"

"छ्या! आन् बागायती हाय, दोन हिरी हायत्या!"

मला विहिरी काय करायच्यात? आणि हा हसतो का? काहीतरी लपवतोय! मग न्हाव्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. जो तो हसायचा आणि सोपानची जमीन सांगायचा. अख्खं गाव सामील आहे, याची मला खात्रीच पटली. भीतीने जेवण जाईना. येता-जाता हात धुवायचे आणि पापण्या ओढून आरशात डोळे बघायचे, एवढाच उद्योग उरला.

एका सकाळी सोपानचे वडील आले. नवा कोरा फेटा, हातात कागद.

"डाक्टर, पोराचं रगत नगरला तपासून आनलं. कावीळ न्हाई, एड्स न्हाई. बगा."

मी कागद वाचला आणि त्यांना कडकडून मिठीच मारली. खरं सांगतो, रडलो!

त्यांनी हळूच स्वतःला सोडवून घेतलं. "पर डाक्टर, सोयरीक जमायची न्हाई."

"कसली सोयरीक?"

"आवो, गावभर पोराची चौकशी केली, ती भनीसाठीच ना? मंग आमीबी तुमची केली. तुमी दिसभर हात धुताय, आरशात डोळं फाकून बगताय. आन् आता तर रडताय. भाऊ आसा, तर भन कशी आसंल?"

रामराम घालून ते निघूनही गेले.

अहो, मला बहीणच नाही! आणि तरी माझ्या पायी बिचारीचं लग्न मोडलं.