व्हर्लाची हजेरी

टॅलमन काउंटीत माणसं किती, हे कळायला सरकारी पुस्तक उघडायची गरज आम्हाला कधी पडली नाही. व्हर्ला क्रेचेकला विचारायचं. कचेरीत टाइप करता करता, मान वर न करता ती सांगायची, "तीनशे शहाऐंशी. लुथर मंगळवारी गेला तर पंच्याऐंशी." लुथर समोरच्याच बाकावर बसलेला असायचा. तो उसळायचा, "अगं बये, मी नुसता दात काढायला चाललोय!"

एकतीस वर्षं ती काउंटीची कारकून होती. जन्म, लग्न, मृत्यू, जमिनीचे व्यवहार, गुरांवरचे मालकीचे डाग, सगळं तिच्याच हातून नोंदलं जायचं. ती लहान असताना इथे अकराशे माणसं होती म्हणे. सातशे चौरस मैल वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवत, टेकड्यांच्या मधे तळी, आणि डांबरी रस्ता एकच. एवढ्यात अकराशे म्हणजेही विरळच, पण एका घराचा दिवा दुसऱ्या घरातून दिसायचा. मग पोरं शिकायला गेली ती परत आलीच नाहीत. म्हातारी वारली, शाळा बंद पडल्या. तिच्या टेबलामागे काउंटीचा मोठा नकाशा होता. घर रिकामं झालं की व्हर्ला त्यावर पेन्सिलीने फुली मारायची. फुल्या मारायच्या दिवशी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, फाडून खायची.

मी ड्वेन, काउंटीचा ग्रेडर चालवतो. उन्हाळ्यात मातीचे रस्ते सारखे करतो, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ लोटतो. शाळेत व्हर्ला माझ्या पुढे सहा वर्षं. तेव्हापासून ती मला हुकूम सोडते आणि मी कुरकुरत ऐकतो. तिचा नवरा जिम याच टेकड्यांत, मार्चमधल्या एका बर्फाच्या वादळात गेला. गोठ्यापासून घरापर्यंत साठ पावलं. तो एक्केचाळीस पावलं चालला होता. पुढच्या हिवाळ्यापासून व्हर्लाची हजेरी सुरू झाली.

हजेरी म्हणजे असं. वादळ जरा ओसरलं की ती एकेका रँचवर, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या वाडीवर, फोन लावायची आणि एकच प्रश्न विचारायची, "घरचे किती, कामावरचे किती?" समोरचा म्हणायचा, "घरचे तीन, कामावरचे दोन." ती आकडा मांडायची. सगळी बेरीज जुळली की वायरलेसवर सांगायची, "सगळे आहेत." मग आम्ही जेवायचो. इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला अपुरा वाटला नाही. आमच्याकडे कामावरचा माणूस बायकोमुलांविना एकटाच असतो, मालकाच्या गोठ्याशेजारी खोलीत झोपतो आणि मालकाच्या टेबलावर जेवतो. मालक मोजला की तोही मोजला गेला.

मी सांगतोय त्या वर्षी मार्चमध्ये, ऐन गायी विण्याच्या दिवसांत, बुधवारी दुपारी वादळ आलं. दुपारी दोनला मला माझ्या ग्रेडरचं नाक दिसेना. गुरुवारभर तेच. संध्याकाळी वारा थोडा पडला, तेव्हा व्हर्लाने हजेरी घेतली. मी कचेरीतच अडकलो होतो, स्टोव्हपाशी बसून ऐकत होतो. शेवटचा फोन हार्लन व्होग्लरला. नदीकाठचा सगळ्यात मोठा रँच त्याचा.

"घरचे चार, कामावरचा एक," हार्लन म्हणाला. "रिगो. माझ्याबरोबरच वासरं ओढतोय. व्हर्ला, मला फोनवर धरून ठेवू नकोस, दोन गायी अडल्यात."

"जा बाबा, तूच व्यालास असं वाटेल तुझं ऐकून," व्हर्ला म्हणाली, आणि तिने बेरीज केली. तीनशे शहाऐंशी. वायरलेसवर तिचा आवाज गेला, "सगळे आहेत." तिचे डोळे भरून आले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला. रिगो होता. चौतिशीचा, मिशीवाला, मितभाषी माणूस, टेक्सासहून दोन वर्षांपूर्वी आलेला. तो इतक्या जोरात बोलत होता की मला खुर्चीवरून ऐकू येत होतं.

"बाई, माझी बायको कशी आहे? काय म्हणाली ती?"

व्हर्ला म्हणाली, "कुणाची बायको?"

"माझी. देल्फिना. टेटच्या घरात आहे. काल रात्री मालक म्हणाले, व्हर्लाने सगळ्यांना मोजलंय, सगळे सुखरूप आहेत. तुम्ही बोललात ना तिच्याशी?"

व्हर्लाने फोन कानाला तसाच धरून मागे वळून नकाशाकडे बघितलं. टेटचं घर, व्होग्लरच्या गोठ्यांपासून चौदा मैल, तळ्यांच्या पलीकडे. अकरा वर्षांपूर्वीची फुली. देल्फिना तीन आठवड्यांपूर्वी बसने आली होती. हार्लनने नवराबायकोला राहायला ते घर दिलं होतं. त्या घरात फोन नव्हता आणि तिथे मोबाईल लागत नाही. बुधवारी रिगो गोठ्यावर अडकला आणि ती तिकडे एकटी राहिली.

हार्लनने फोन हिसकावून घेतला. "मला काय बोलतेस? तू विचारलंस कामावरचे किती. ती कुठे माझ्या कामावर आहे?" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. तोही घाबरला होता, आणि घाबरला की तो ओरडतो.

"मी तुला काही बोलले नाही," व्हर्ला म्हणाली आणि तिने फोन ठेवला. "ड्वेन, ऊठ. ग्रेडर काढ."

"तू कुठे निघालीस? तिथे एकाच माणसाची जागा आहे."

"मी मांडीवर बसेन तुझ्या. ऊठ म्हणते ना."

ती सीटमागच्या अवजारांच्या पेटीवर बसली. कचेरीपासून बावीस मैल. कोरड्या रस्त्यावर मोटारीने अर्ध्या तासाचं काम. आम्ही साडेआठला निघालो. पहिले दहा मैल बरे गेले. पुढे रस्ताच नव्हता. कुंपणाच्या खांबांची फक्त टोकं वर होती, आणि एका ठिकाणी उभ्या उभ्या गोठलेली पाच गुरं. पात्याने बर्फ फोडायचा, मागे यायचं, पुन्हा फोडायचा. त्यात वारा पुन्हा सुटला. वरून पडत काही नव्हतं, जमिनीवरचाच बर्फ उडत होता, आणि काचेबाहेर सगळं पांढरं झालं.

माझी पाचावर धारण बसली. खरं सांगतो, एकटा असतो तर मागे फिरलो असतो. त्या टेकड्या सगळ्या एकसारख्या, आणि दोन टेकड्यांमधली सपाट जागा रस्ता आहे की तळं, हे बर्फात कळत नाही. चौदा टनांचं धूड तळ्यावर घातलं तर बर्फ वितळल्यावर, वसंतातच आम्ही वर आलो असतो.

"थांब," व्हर्ला म्हणाली. "ह्या टेकडीच्या डोक्याला खाच आहे. म्हणजे ही बक टेकडी. उजवी धर. डावीकडे तळं आहे."

"नक्की?"

"नाही," ती म्हणाली.

मी उजवीकडे वळवलं. ती मागे पुटपुटत होती. मला वाटलं, प्रार्थना करतेय. नीट ऐकलं तर ती नावं घेत होती, घराघरांची, क्रमाने, पहिल्यापासून. शेवटाला आली की थांबायची आणि पुन्हा सुरू करायची.

"व्हर्ला, बास कर. माझं लक्ष जातंय."

"कशी राहिली रे मोजायची? मी गावात कुत्रं नवीन आलं तरी विचारते, कुणाचं म्हणून. तीन आठवडे, ड्वेन. मी तिला बघितलंय. दुकानात. निळा कोट होता. मला वाटलं, वाटसरू असेल."

मीही बघितलं होतं तिला. मीही नाव विचारलं नव्हतं.

दुपारी पाऊण वाजता टेटचं घर दिसलं. धुराड्यातून धूर नव्हता. घर तापवायच्या गॅसच्या टाकीचा काटा शून्यावर होता. मागचं दार सताड उघडं, आणि स्वयंपाकघरात गुडघाभर बर्फ. मी हाका मारल्या. आमच्याच बुटांचा आवाज. बिछान्यावर पांघरूण नव्हतं, खिडक्यांना पडदे नव्हते, आणि खुंटीवर निळा कोट नव्हता.

"बाहेर पडली," मी म्हणालो. "चालत निघाली असणार. व्हर्ला, आता वसंतापर्यंत..."

"गप्प बस." ती भिंतीला टेकली होती. चेहरा राखेसारखा. मग एकदम म्हणाली, "मागच्या ओसरीखाली तळघर आहे. लोइस टेट आणि मी तिथे बटाट्यांच्या ढिगावर खेळायचो. जमिनीखाली एवढी थंडी नसते."

तळघराची झडप ओसरीच्या फळ्यांतच होती, तिच्यावर चार फूट बर्फ. मी फावड्याने ओढत होतो, व्हर्ला हातांनी. एकसष्ट वर्षांची बाई कुत्र्यासारखी उकरत होती. झडप उघडली तेव्हा आत अंधार, आणि तळाशी पडद्यांचं एक गाठोडं. व्हर्ला माझ्याआधी शिडी उतरली. तिने पडदा बाजूला केला, आणि गाठोड्याने डोळे उघडले.

देल्फिना हसली नाही, रडलीही नाही. व्हर्लाचा चेहरा तिने दोन्ही हातांनी चाचपून बघितला, आणि तुटक्या शब्दांत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही सगळे मेलात. म्हणून कुणी येत नाही."

तिला ग्रेडरमध्ये कसं घातलं आणि परत कसे आलो, ते मला नीट आठवत नाही. व्हर्लाने वाटभर तिचे पाय स्वतःच्या कोटात, पोटाशी धरले होते. ऐंशी मैलांवरच्या इस्पितळात तिच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. बाकी जीव वाचला.

पुढच्या गुरुवारी व्हर्ला तिला भेटायला गेली. दालचिनीचे रोल घेतले होते. गाडी मी चालवली. खोलीत रिगो खाटेजवळ बसला होता. व्हर्ला उभीच राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. हार्लनची नाही, वादळाची नाही. मी सगळे आहेत म्हणून सांगितलं, आणि तू नव्हतीस." रिगोने ते आपल्या भाषेत सांगितलं.

देल्फिनाने त्याला काहीतरी विचारलं. रिगो खाली बघू लागला.

"काय म्हणते?" व्हर्लाने विचारलं.

"म्हणते, वादळातल्या त्या गुरुवारी रात्री, सगळे आहेत असं सांगितल्यावर, तुम्ही काय केलंत?"

मी मनात म्हटलं, बाई, खोटं बोल. काहीही सांग. चुटपुट लागली होती म्हण, उठून बसले होते म्हण. कोण तपासायला येणार आहे?

"झोपले," व्हर्ला म्हणाली. "जिम गेल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती मला. सांग तिला, रिगो."

रिगोने सांगितलं नाही. त्याने बायकोचा पट्ट्यांत गुंडाळलेला पाय दोन्ही हातांत धरला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी पण झोपलो."