सहाची शिट्टी

आमची आत्या सॉफ्टवेअर दुरुस्त करते, आणि बिघडलेला टायमर दिसला की तिला तहानभूक राहत नाही. पोहण्याच्या तलावावर सहाला वेळ संपल्याची शिट्टी वाजवणारं ॲप बिघडलं, तेव्हा मॅनेजरांनी तिलाच बोलावलं. मीही गेले. शिट्टी एकामागून एक वाजतच राहायची. आदल्या दिवशी तर मोजून एकोणचाळीस वेळा!

"मी कशालाही हात लावलेला नाही!" मॅनेजर शपथेवर सांगू लागले.

आत्याने कोड उघडलाच नाही. खुर्ची ओढली आणि तासभर नुसती त्यांच्याकडे बघत बसली. दर दोन मिनिटांनी ते हळूच ॲप उघडायचे, शिट्टी लागली आहे ना बघायचे आणि बंद करायचे. आत्या इतकी हसली की चष्मा खाली पडला.

"अहो, तुम्ही ॲप उघडलं की ते सहाची नवी शिट्टी लावतं. जुनीही तशीच राहते. तुमची काळजीच वाजतेय सहाला!"

तिने एक ओळ घातली: नवी लावण्याआधी जुनी रद्द कर. "आता खुशाल बघा." मॅनेजरांनी लगेच दहादा बघून घेतलं.

सहा वाजले. शिट्टी एकदाच वाजली, खणखणीत! आत्याने आनंदाने माझ्या पाठीत धपाटा घातला. तलावातून मात्र कोणीच बाहेर येईना.

"अहो, निघा की आता!" मॅनेजर काठावरून ओरडले.

पाण्यात उताणे तरंगणारे एक आजोबा डोळेही न उघडता म्हणाले, "घाई कसली? अजून अडतीस बाकी आहेत."