वहिनीचा विषय

वहिनी गेली तेव्हा मी तिच्या मुलीबरोबर, ऋचाबरोबर, कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभी होते. पहिल्या सेमिस्टरचे विषय बदलून घ्यायचा तो शेवटचा दिवस. दादाचा फोन आला. "गेली," एवढंच म्हणाला. मी ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, आधी आत जाऊन येऊ?" जा, म्हटलं.

सुनंदावहिनी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. लग्न होऊन शिरवण्यात आली तीच तुर्भ्याच्या एका कारखान्यातल्या लॅबची नोकरी घेऊन. लॅबमधला धूर बाहेर टाकणारा पंखा बंद पडला. तिने तक्रार केली, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, आणि असे पुष्कळ महिने गेले. फुप्फुसं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कामामुळेच झालं असं लिहून देता येणार नाही. दादा हादरला. ऋचाच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे दोन कोर्स होते. एक प्रॅक्टिकलवाला, पुढे तोच विषय करायचा तर तो घ्यावाच लागतो. दुसरा नुसता पुस्तकी. दादाने ऋचाला पुस्तकी घ्यायला लावला. वहिनीला कळलं तशी तिने ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला.

"तिला पयला घेऊं द्या."

"पोरीलाबी त्याच बाटल्यांत घालू काय?"

"मना बाटल्यांनी नाय मारला. पंखा बंद होता त्यांचा. तुमी दोनदा बाईकवरना पडलाव, बाईक सोडली काय? उलट मोठी घेतली!"

मला हसू आलं. दादाला नाही. "बंद होता ते कलत होता ना तुला? मंग कशाला जात होतीस रोज?"

वहिनीने ऋचाकडे पाहिलं आणि मास्क परत लावला. उत्तर होतं तिच्याकडे... पोरीसमोर द्यायचं नव्हतं.

ऋचाने विषय बदलल्याचं मीच दादाला सांगितलं, वहिनीच्या बाराव्यानंतर. तो उठून बाहेर गेला. कित्येक दिवस लेकीशी बोलला नाही.

कंपनीतून आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. आधी न्हाणीघर, आणि अंगावरचे कपडे निळ्या बादलीत, घरातल्या कपड्यांपासून वेगळे. ती बादली अजून तिथेच आहे. गेल्या आठवड्यात ऋचाचं पहिलं प्रॅक्टिकल झालं. घरी येऊन तिने कुणी न सांगता ॲप्रन त्या बादलीत टाकला. मी तिथेच होते. दादाने पाहिलं, बादलीत पाणी सोडलं, खाली बसला आणि ॲप्रन धुवायला घेतला. वहिनी होती तोवर त्याने त्या बादलीला कधी हात लावला नव्हता.