हनुमंताच्या खिडकीएवढं जोतं

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शेळ्या आणणाऱ्यांना पुंजाराम टेम्पोवाला ठाऊक आहे. बोलायला गोड, गाडी सावकाश हाकणारा. एखादी शेळी लंगडली तर भाडं न घेता तिला घरी पोचवणारा. साऱ्या जगाचं बरं चिंतायचा, एक धाकटा भाऊ हनुमंत सोडून. हनुमंताच्या गाईला कालवड झाली की पुंजारामाला घास उतरत नसे. हनुमंताच्या लिंबाची सावली सकाळी आपल्या अंगणात आली, तर हा बाज उचलून उन्हात नेई.

वाटणीत दोघांना शेजारीशेजारी जागा आल्या. मधला बोळ हनुमंताच्या वाट्याचा. हनुमंतानं आधी घर बांधलं. तालुक्याहून इंजिनिअर आला, टेप लावला, चहा पिऊन गेला. पहिल्याच फेरीत घर पास.

तो टेप पुंजारामाच्या काळजावरून गेला. आपलं जोतं हनुमंताच्या खिडकीच्या उंचीला टेकलं पाहिजे, असं त्यानं ठरवलं. मंजूर नकाशात जोतं गुडघाभर होतं.

"माझ्या गुडघ्यांचा तरी इचार करा," बायको भागिरथी म्हणाली. "एवढं कुनी चढायचं?"

"वरून त्याचं सारं अंगन दिसंल."

"मला काय करायचंय त्याच्या अंगनाचं? लगीन तुमच्याशी लागलंय."

मुरमावर मुरूम पडत राहिला. जोतं कमरेच्या वर गेलं. मग तपासणीला तोच इंजिनिअर आला. जोत्याभोवती फिरला, समोरच्या रस्त्याकडं बघत उभा राहिला.

"पुंजारामभाऊ, पायऱ्या कुठून घेणार?"

पायऱ्यांचा विचार कुणीच केला नव्हता.

"एवढ्या उंचीच्या पायऱ्या थेट रस्त्यात जातील, त्या मी पास करणार नाही. जोतं खाली घ्या, नाहीतर बोळातून चढा. बोळ ज्याचा, त्याची लेखी संमती आणा. तोवर काम बंद."

भावानं नाही म्हटलं तर काय काय ऐकवायचं, हे पुंजाराम वाटभर जुळवत गेला. हनुमंत गोठ्यात शेण काढत होता. त्यानं हात धुतले, सही केली.

"दादा, कठडा बी लाव. वहिनीला धरायला हुईल."

तोंडात जुळवलेलं सगळं पुंजारामाला गिळावं लागलं. गाय याची, सावली याची; आता मोठं मनही याचंच. आणि रोज उठून याच्या मेहेरबानीवर पाय ठेवायचा!

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः कुदळ घेतली.

"सही न्हाई मिळाली व्हय?" भागिरथीनं विचारलं.

"मिळाली. म्हनून तर."

जोतं उतरलं. शेवटी एक वीट मात्र हनुमंताच्या जोत्याहून वर राहिली. इंजिनिअरनं ती चालवून घेतली.

घर झाल्यावर हनुमंत आला. उंबऱ्यात उभा राहून त्यानं आपल्या घराकडं नजर टाकली.

"दादा, तुझं घर माझ्याहून चढ झालं की."

"व्हय," पुंजाराम म्हणाला, आणि त्या दिवशी भावाच्या कपात त्यानं स्वतःच्या हातानं चहा ओतला.