आधी स्वतःचं बोट

आळेफाट्याच्या लॅबमध्ये रक्तगट तपासणारे ते भाऊ तपासणीच्या औषधांच्या नव्या बाटल्या उघडल्या की आधी स्वतःचंच बोट टोचतात. निळ्या, पिवळ्या आणि बिनरंगी, तिन्ही थेंबांत त्यांच्या रक्ताच्या गुठळ्या होतात. "मी एबी पॉझिटिव्ह. माझ्यावर चालली तर बाटली खरी."

बायकोला दिवस गेले तेव्हा मी रक्तगट शिबिरातलं तिचं कार्ड पुढे केलं, ओ पॉझिटिव्ह. त्यांनी ते न वाचताच परत दिलं. "कार्डाला रक्त नसतंय, भाऊ."

पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते दाखवणाऱ्या बिनरंगी थेंबात बायकोचं रक्त तसंच पातळ राहिलं. बाटलीच खराब असेल, मी वैतागून म्हणालो. त्याच बाटलीतला थेंब घेऊन त्यांनी पुन्हा स्वतःचं बोट टोचलं. लगेच गुठळ्या झाल्या.

"वैनी निगेटिव्ह हायेत. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर वैनींना लगेच इंजेक्शन द्यायला लावा. नायतर पुढच्या बाळाला लई तरास."

बाळ झाल्यावर पेढे घेऊन गेलो. मुलगा का मुलगी, त्यांनी विचारलंच नाही.

"ग्रुप?"

"पॉझिटिव्ह."

"इंजेक्शन?"

"दिलं."

मग कुठे त्यांनी हातमोजा काढून पेढ्यासाठी हात पुढे केला. बोटांची टोकं टोचून टोचून खरखरीत झाली होती.