कोर्नेलिया सुईणीच्या नोंदी

बेटावरच्या वाइंगापु शहरातून ट्रकने तीन तास आत, आमच्या गावात कोर्नेलिया कहि एकतीस वर्षं सुईण होती. सगळे तिला नेलिआई म्हणत. मी दवाखान्याशेजारच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

प्रत्येक बाळंतपणाची नोंद ती ठेवायची. आईचं नाव, तारीख, वेळ, वजन, बाळ लगेच रडलं की नाही. वरच्या कार्यालयात नुसते आकडे जात; नावं होती ती फक्त तिच्यापाशी. वह्यांना वाळवी लागली तेव्हा दवाखान्याच्या संगणकावर तिने एका बोटाने सगळं उतरवून काढलं. त्याला दोन वर्षं लागली. मग वह्या जाळल्या.

गेल्या साली वीज कोसळली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळला. शहरात संगणक दुरुस्त करणाऱ्या उंबू तायने आपल्या दुकानात नवा बसवून दिला. संगणक सुरू झाला, नोंदी जिथल्या तिथे होत्या. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ यायला लागली: सिस्टीम सक्रिय नाही, सक्रिय करा. नव्या बोर्डामुळे सिस्टीम त्याला दुसराच संगणक समजत होती.

नेलिआई नियमाने चालणारी बाई. एक दिवस सगळं बंद पडेल या धास्तीने ती दहादा नोंदी उघडून बघायची. शेवटी दिलेल्या नंबरावर तिने फोन लावला. गावात आवाज नीट येतो तो टेकडीवरच, म्हणून पडद्यावरचे चोपन्न आकडे कागदावर उतरवून घेऊन ती वर चढली आणि एकेक करून वाचले. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, हा क्रमांक मान्य नाही. तीन दिवस ती वाचत राहिली. सिस्टीम ज्याच्या खात्यावर होती तो डॉक्टर बदली होऊन गेलेला, आणि कुठल्या बेटावर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग संगणक मांडीवर घेऊन ती शहरात गेली. तायने खटपट केली आणि मान हलवली.

"आई, ही जुन्या बोर्डाला बांधलेली होती. आता होत नाही. साफ करून नवी टाकतो, कटकट मिटेल."

"टाक बाबा. एकदाचं मिटव."

साफ करणं म्हणजे धूळ पुसणं, असं तिला वाटलं. नोंदींची प्रत दुसरीकडे असणारच, असं त्याला वाटलं. दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

दवाखान्यात परत येऊन तिने पाहिलं. ती ओळ गेली होती. नोंदीही गेल्या होत्या.

कळल्यावर ताय पांढराफटक पडला. आठवडाभर तो डिस्क धुंडाळत बसला. हाती लागली अर्धी नावं आणि वर्ष नसलेल्या काही तारखा. पुढे आरोग्य कार्यालयातली एक बाई सहज बोलून गेली, की ती ओळ दिसली म्हणून काम अडत नाही, तशीच राहू दिली असती तरी चाललं असतं.

मग नेलिआई नावं आठवून लिहायला बसली. दीडशेच्या आसपास नावं झाली असतील, तेव्हा गावातली येमिमा आली. तिचं पहिलं मूल एकच दिवस जगलं होतं. नवरा आता थडग्यावर क्रूस बसवत होता आणि त्यावर तारीख घालायची होती.

"पाऊस होता एवढंच मला माहीत," येमिमा म्हणाली. "तारीख तू लिहून घेतली होतीस."

"गेलं गं सगळं. माझ्याच हाताने गेलं."

"पण तू त्याला हातात घेतलं होतंस ना?"

"घेतलं असेल. दोन हजार घेतली." नेलिआई खाली बघत म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवत नाही."

येमिमा रागावली नाही. आणलेली पान-सुपारी नेलिआईपुढे ठेवून ती निघून गेली. क्रुसावर आता नुसतं नाव आहे.

त्याच महिन्यात नेलिआईने काम सोडलं. कुणी बोलवायला आलं तर नव्या सुईणीकडे जा म्हणते. मी गेलो की बसायला सांगते आणि माझ्या मुलींच्या जन्मतारखा विचारते. मी सांगतो. ती लिहून घेत नाही.