एकसष्ट अंगठे

खळे सरांशी माझं पहिलं भांडण पेन्सिलीवरून झालं. मी कॉलेजच्या लायब्ररीची बाई, पुस्तकात खुणा केलेल्या मला चालत नाहीत. ते संख्याशास्त्राचे मास्तर, छापलेला आकडाही तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "शैलजाबाई, लेखकाचं गणित चुकलंय." मी म्हणायची, "मग लेखकाला पत्र लिहा, माझं पुस्तक कशाला छळता?" त्यांनी खरंच लिहिलं. उत्तर आलं नाही, हे सांगायला नकोच.

इंदूरच्या आमच्या मेडिकल कॉलेजात नव्या डॉक्टरांना संशोधन शिकवायचा दोन वर्षांचा कोर्स रघुवीर खळे एकटे चालवत. पंधरा वर्षं, दर शनिवारी, माझ्याच लायब्ररीच्या कोपऱ्यात, कारण वर्गखोली कुणी देईना. पोरं सर्टिफिकेटसाठी यायची. अर्धी तर घरी बसून पेशंट तयार करायची: नाव, वय, रक्तदाब, सगळं मनचं. सरांना ते कळायचं, पण सिद्ध करता यायचं नाही. "पालथ्या घड्यावर पाणी घालताय," मी तोंडावर म्हणायची. ते म्हणत, "एखादा तरी सरळ निघेल हो."

निघाला. डॉक्टर संहिता. दर मंगळवारी वॉर्डातल्या द्वारकाबाई आयाला बरोबर घेऊन ही मुलगी बसनं जवळच्या हातोद गावाला जायची. लोहाच्या गोळ्या खाऊनही काही गरोदर बायकांचं रक्त का वाढत नाही, हे तिला शोधायचं होतं. एकसष्ट जणींचं रक्त घेऊन तिनं फ्रीजरमध्ये ठेवलं. तपासणी सगळ्यांची एकदम व्हायची होती, आणि मग प्रत्येकीला बोलावून निकाल सांगायचा होता. सर तिच्याविषयी बोलायला लागले की थांबत नसत. इतके खुश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

तपासणीच्या आधी त्यांनी संमतीचे कागद मागवले. रक्त घेण्यापूर्वी प्रत्येक बाईला सगळं समजावून सांगायचं आणि तिची सही किंवा अंगठा घ्यायचा, हा नियम. सर माझं भिंग घेऊन बसले. सत्ताविसाव्या कागदावर थांबले, परत पहिल्यापासून बघायला लागले. प्रत्येक अंगठ्यावर तिरपी पांढरी रेघ होती. तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला आणि सर तिच्या हाताकडे बघतच राहिले. फुटलेल्या बाटलीनं कधीकाळी कापलेला तिचा अंगठा मलाही दिसला.

"क्या करते, सर," द्वारकाबाई म्हणाली. "त्या बाया रक्त द्यायच्या, पण कागद पाहिला की भागायच्या. अंगूठा लावला की जमीन जाते म्हणतात ना गावात. मॅडम रडायला लागली. मी म्हटलं, चलो, माझा लावून घ्या."

संहिता आली ती रडतच. "सर, सँपल एकदम खरे आहेत. सगळ्याजणी तोंडानं हो म्हणाल्या होत्या. तुम्हीच म्हणता ना, एक पण रकाना रिकामा नको."

"रिकामा आणायचा होतास गं," सर म्हणाले. "बाकी सगळं आपलंच होतं. अंगठा तेवढा त्यांचा होता."

मी त्यांना हात जोडून सांगितलं की गप्प बसा. पोरीचं आयुष्य आहे, कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "मग मी पंधरा वर्षं काय शिकवलं?" सोमवारी त्यांनी स्वतः कॉलेजच्या संशोधन कमिटीला कळवलं.

कमिटीनं काम चोख केलं. संमती खोटी म्हणून अभ्यास रद्द, रक्ताचे नमुने नष्ट, संहितेचं नाव कोर्समधून कमी आणि पुढच्या वर्षीपासून कोर्सच बंद. त्याच बॅचची बाकीची अकरा पोरं पास झाली. त्यातल्या कित्येकांचे पेशंट जन्मालाच आले नव्हते, पण सह्या वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या होत्या. संहिता आता विजय नगरात एका क्लिनिकमध्ये चेहऱ्यावरचे डाग काढते. सरांचा फोन ती उचलत नाही. मला तिचा राग येत नाही, सरांचाही येत नाही, आणि कुणाचा करावा हे कळत नाही म्हणून जास्त जळफळाट होतो.

सर रिटायर होऊन शहराबाहेर राऊला राहतात, तरी शनिवारी येतात आणि त्याच कोपऱ्यात बसतात. गेल्या शनिवारी शिपायानं एका बाईला आत आणून सोडलं. शांता नाव, हातोदहून आलेली, पोट पुढे आलेलं. हातात संहितेनं दिलेली, रक्ताच्या नमुन्याच्या नंबराची चिठ्ठी, घडी पडून पडून फाटायला आलेली.

"मॅडम बोली थी, बुला के बताएँगे," ती म्हणाली. "पहले वाला बच्चा तो रहा नहीं. अब फिर से हूँ. खून में क्या निकला था, साब?"

सर उठून उभे राहिले. त्यांनी तिला आपली खुर्ची दिली. सांगायला काही नव्हतंच. रक्त कधीच ओतून टाकलं होतं, आणि ते ओतायला लावणारे हेच. "आजच नव्यानं तपासून घेऊ," असं काहीतरी ते पुटपुटले.

निकाल सांगत नाहीत असं बघून शांता घाबरली. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. माझ्या टेबलावर पुस्तकांवर शिक्के मारायचं शाईचं पॅड उघडं होतं. तिनं अंगठा पुढे केला.

"उस टाइम डर गई थी, साब. अब लगा देती हूँ. बता दो."

सर रडायला लागले. मी पॅडचं झाकण लावलं.